‘फाडफाड’ इंग्रजीवाल्या सरांना खुले पत्र

फाडफाड इंग्रजीवाले सर,
मु. पो. नाशिक.



तुमचे नाव इथे लिहीत नाही. रिक्षांच्या पाठीवर आणि विजेच्या खांबांवर ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ वाचत फिरणाऱ्या नाशिककराला ते सांगावे लागत नाही. शिवाय तुम्ही एकटे नाही. ज्या ज्या क्लासवाल्याला हे पत्र लागू पडेल, त्याने ते स्वतःच्या नावे आले असे खुशाल समजावे.

तुमच्या बॅचमधली मुले माझ्याकडे शंका घेऊन येतात. पेठ-सुरगाण्याहून शिकायला आलेली, सातपूर-अंबडला पाळी करून संध्याकाळी वही उघडणारी ही मुले आहेत. त्यांतल्या एकाने भर वर्गात तुम्हाला विचारले होते, “सर, ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टू इयर्स’ यात चुकलं काय?” तुम्ही म्हणालात, “सिन्स काढ, फॉर टाक आणि पुढे चल. असले प्रश्न काढत बसलास तर जन्मात बोलता येणार नाही.” वर्ग हसला आणि मुलाने वही मिटली. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला तुम्हाला तीस दिवस लागत नाहीत. ते काम तुम्ही पहिल्याच आठवड्यात उरकता.

आणि दुरुस्ती तरी पुरी केलीत का? ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक फॉर टू इयर्स’ हेही चूकच आहे, सर. मुलगा चुकला त्याला कारण होते. मराठीत आपण ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘सोमवारपासून’ही म्हणतो. मुदत असो की आरंभ, एकच ‘पासून’ दोन्हीकडे चालतो आणि क्रियापद साधे ‘राहतो’. इंग्रजीत मुदतीला फॉर लागतो, आरंभाला सिन्स लागतो, आणि मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला क्रियापदही वेगळे लागते: ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. हे फळ्यावर मांडायला पाच मिनिटे पुरतात. फी भरलेल्या मुलाला तुम्ही ती पाच मिनिटे दिली नाहीत.

‘आय डिड नॉट वेंट’ म्हणणाऱ्या मुलीची नक्कल करून तुम्ही वर्ग हसवता. ती तसे का म्हणते, हे कधी पाहिलेत? ‘मी गेले नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेले’मध्येच राहतो, नकार आला तरी तिथून हलत नाही. म्हणून ती ‘वेंट’ सोडत नाही. इंग्रजी भूतकाळ एकदाच दाखवते. तो ‘डिड’ने उचलला की मागे नुसता ‘गो’ उरतो. एवढे सांगितले की ती मुलगी ही चूक स्वतःच पकडू लागते. तुम्ही सांगता, “पाठ करा.”

तुम्ही मुलांना ‘ए, ई, आय, ओ, यू’च्या आधी ‘ॲन’ हा नियम घोकायला लावलात. मग ‘ॲन अवर’ कसे आणि ‘अ युनिव्हर्सिटी’ कसे, असे कोणी विचारले की तुमचे उत्तर ठरलेले: “अपवाद आहे.” अपवाद नाही, सर. नियमच तुम्ही चुकीचा सांगितलात. तो अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. ‘अवर’मधला एच तोंडात येत नाही, ‘युनिव्हर्सिटी’ची सुरुवात ‘य’ने होते आणि ‘एमएलए’ची ‘ए’ने, म्हणून ‘ॲन एमएलए’. कानाने ऐकायची गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाठ करून घेता आणि दोष मुलांच्या डोक्याला देता.

सगळ्यात महाग पडणारी चूक तर तुमच्या नोट्समध्ये नावालाही नाही. मुलाखतीत साहेब विचारतो, “यू डोन्ट हॅव एनी एक्सपिरियन्स?” वर्षभर काम केलेला मुलगा म्हणतो, “नो सर.” मराठीत हे अगदी बरोबर आहे. ‘तुला अनुभव नाही ना?’ याला ‘नाही सर, आहे’ असेच आपण म्हणतो, कारण आपला हो-नाही समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत तो वस्तुस्थितीला असतो. अनुभव असेल तर ‘यस, आय डू’. साहेब ‘नो’ ऐकतो आणि पुढचा उमेदवार बोलावतो. त्या मुलाला इंग्रजी येत नव्हते असे नाही, हा फरक त्याला कोणी सांगितला नव्हता.

इंग्रजी शिकण्यात मराठी आडवी येते, असे तुम्ही डेमो लेक्चरमध्ये छातीठोक सांगता. ज्या मुलीला ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले’ हे लिंग-वचन न अडखळता सांभाळता येते, जिला ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांतला फरक लहानपणापासून कळतो, तिला व्याकरण झेपत नाही असे तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता? इंग्रजीला तर दोन्हीकडे एकच ‘वुई’ पुरवावा लागतो.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले. इंग्रजी शिकलेला तो माणूस आपल्या भाषेची घडण तपासत बसला, आणि लोकांनी त्याला मराठीचा पाणिनी म्हटले. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकाने मराठी वाक्य समोर ठेवले आणि त्यावरून इंग्रजी वाक्य रचायला लावले. मराठी तिथे पायरी होती. ती पायरी काढून तुम्ही मुलांना उडी मारायला सांगता आणि कोणी पडले की हसता.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. खेड्यातले पोर मागे राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्या पहिल्या वर्गातली मुले आता तिशीत आहेत आणि त्यांतले कित्येक तुमच्यासारख्यांच्या दारात फी घेऊन उभे आहेत. शाळेत उत्तर मिळाले नाही म्हणून ते तुमच्याकडे आले. तुम्ही त्यांना उत्तराऐवजी लाज दिलीत, आणि त्या लाजेवर पुढची ‘ॲडव्हान्स बॅच’ भरलीत. माझा राग याच गोष्टीचा आहे. व्याकरण कच्चे असणे हा गुन्हा नाही, ते अभ्यासाने पक्के होते. शिकणाऱ्याला त्याच्याच प्रश्नाची लाज वाटायला लावणे हा मात्र गुन्हा आहे, आणि तो तुम्ही पावती फाडून करता.

तेव्हा तीन गोष्टी करा. ‘तीस दिवस’ पाटीवरून पुसा, भाषा मुदतीवर मिळत नाही. रोज निदान अर्धा तास फक्त शंकांना द्या आणि तो मराठीतून घ्या. आणि ज्या मुलाला तुम्ही सर्वांसमोर गप्प केलेत, त्याला सर्वांसमोर उत्तर द्या. उत्तर वर लिहिले आहे, फळ्यावर उतरवून घेतलेत तरी माझी हरकत नाही.

आपला,
नाशिकचा एक इंग्रजी शिक्षक