लाँचनिर्णयसिंधू : गेटवे ते मांडवा जलयात्रेचा शास्त्रोक्त विचार

१. ग्रंथप्रयोजन

क्रूझवर जाऊन आलेल्या माणसाकडे उपदेशाचा मोठा साठा असतो. खोली कोणत्या मजल्यावर घ्यावी, न्याहारीला किती वाजता उतरावे, कोणत्या रांगेत उभे राहिल्यास आमलेट गरम मिळते, हे तो न विचारता सांगतो. २०१८ साली मुंबईहून गोव्याला ‘आंग्रिया’ नावाची क्रूझ सुरू झाली, तेव्हा या शास्त्राला मराठीतही बरे दिवस आले. नाव कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे. पण आंग्र्यांचा खुद्द किनारा, म्हणजे खांदेरी, थळ, अलिबागचा कुलाबा किल्ला हा सारा पट्टा, प्रवाशांना आपली खोली सापडेपर्यंत मागे पडत असे.

याच किनाऱ्यावर गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा अशी लाँच पिढ्यान्‌पिढ्या माणसे वाहते आहे. तिच्यात कुठे बसावे, कधी उठावे, कोणत्या खांद्यावर पिशवी घ्यावी, याविषयी मात्र एकही प्रमाणग्रंथ नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न. विषय क्षुल्लक आहे असा आक्षेप येईल. तो आगाऊच मान्य करून पुढे जाऊ.

२. व्याख्या आणि वाद

ज्या जलप्रवासाचा हेतू पोहोचणे हा नसतो, तो क्रूझ. या व्याख्येनुसार मांडवा लाँच ही क्रूझ ठरत नाही, असा पूर्वपक्ष आहे. तो म्हणतो : पनवेल, पेण, वडखळ करीत अलिबागला जायचे तर सुमारे १०० किलोमीटर रस्ता आणि वर वाहतूक कोंडी, लाँचने तासाभरात पलीकडे. अर्थात लाँच हे वेळ वाचवण्याचे साधन आहे.

उत्तरपक्ष असा. मनुष्य घरून लाँचसाठी म्हणून लवकर निघतो. रांग असेल या भीतीने आणखी लवकर निघतो. गेटवेला पोहोचतो तेव्हा रांग नसते, पण लाँचही नसते. मग तिकीट, मग चहा, मग रांग, मग प्रवास, मग मांडव्याची लांबच लांब जेटी, मग बस. रस्त्यात वाचवलेला वेळ अशा रीतीने धक्क्यावर, हप्त्याहप्त्याने, पूर्ण फेडला जातो. हेतू बाद झाल्यावर जे उरते ते निव्वळ पाण्यावरून जाणे. म्हणजेच क्रूझ. इति सिद्धम्‌.

या सिद्धान्ताला खुद्द धक्क्यावरच्या वास्तूचा आधार आहे. पंचम जॉर्ज १९११ साली मुंबईत उतरले, त्याचे स्मारक म्हणून गेटवे बांधले. आणि ते खुले झाले १९२४ साली. ज्याच्या स्वागताची कमान, तो येऊन गेल्याला तेरा वर्षे लोटली होती. अशा कमानीखाली उभे राहून ‘नऊची लाँच सव्वानऊला का?’ असे विचारणे हा वास्तूचा उपमर्द आहे.

अलिबागला जाण्याचा खरा हेतू वेगळाच आहे, हे विज्ञानानेही मान्य केले आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसूची नीट स्थिर राहणार नाही, अशी धास्ती निर्माण झाली. म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेण्यात आली. मुंबईच्या गडबडीत चित्त थाऱ्यावर राहत नाही म्हणून शनिवारी अलिबाग गाठणाऱ्यांत पहिला मान त्या सुईचा आहे. फरक इतकाच की ती रविवारी संध्याकाळी परतली नाही.

३. आसननिर्णय

लाँचमधील बैठकीविषयी दोन संप्रदाय आहेत. खालच्या वातानुकूलित दालनात बसणारे ते गर्भगृहवादी. वरच्या उघड्या डेकवर बसणारे ते छतवादी. पहिल्यांना समुद्र खारवलेल्या काचेतून धूसर दिसतो, दुसऱ्यांना तो कधीकधी थेट चष्म्यावर मिळतो. या वादात प्रस्तुत ग्रंथकार छतवाद्यांच्या बाजूचा आहे. कारण गारवा घरीही मिळतो.

मात्र वर गेल्यावर डावी बाजू की उजवी, हा खरा शास्त्रार्थ आहे आणि त्याकडे आजवर अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे. नकाशा पाहावा. मांडवा हे गेटवेच्या जवळपास दक्षिणेला, जरासे पूर्वेकडे झुकलेले आहे. सकाळच्या लाँचचे तोंड दक्षिणेकडे, तेव्हा सूर्य पूर्वेला, म्हणजे प्रवाशाच्या डाव्या हाताला. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेकडे, तेव्हा सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डाव्या हाताला. जाताना डावीकडे तापलेला मनुष्य हुशारीने येताना बाजू बदलायची म्हणून समुद्राची दुसरी बाजू धरतो आणि येतानाही तापतो.

वाऱ्याचाही हाच निवाडा आहे. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे येथे प्रथमच उपयोगी पडतात. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून, पूर्वेकडून येतो. दुपारनंतरचा खारा वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून. दोन्ही वेळा तो डावीकडून येतो आणि दुपारच्या फेरीत सोबत तुषारही आणतो. यावरून उजव्या बाजूचे प्रमेय सिद्ध होते : सकाळी जाणाऱ्याने व संध्याकाळी येणाऱ्याने दोन्ही वेळा उजवीकडेच बसावे.

उपप्रमेय : दोन्ही वेळा उजवीकडे बसल्याने बंदराची दोन्ही अंगे पाहून होतात. जाताना उजवीकडे खुला समुद्र, आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी त्या बेटावर तटबंदी घालायला घेतली, तेव्हा इंग्रजांची गलबते आडवी आली होती. बांधकाम तरीही झाले. येताना उजवीकडे घारापुरी, करंजाचा डोंगर आणि न्हावाशेव्याच्या क्रेनची रांग. घारापुरी डोळ्यांसमोर मुंबईच्या बंदरात असली तरी कागदोपत्री रायगड जिल्ह्यातली, उरण तालुक्यातली. हे शेजारच्या प्रवाशाला सांगून पाहावे. तो सहसा मानत नाही, त्यामुळे पुढची पंधरा मिनिटे बरी जातात.

४. आरोहण-अवरोहणविचार

गेटवेच्या पायऱ्यांवर जो पहिला आत शिरतो, तो सर्वांत चांगल्या, म्हणजे दारापासून सर्वांत दूरच्या जागी जाऊन बसतो. जो शेवटी येतो त्याला जागा उरत नाही. तो दाराशी उभा राहतो. मांडवा येताच दाराशी उभा असलेला पहिला उतरतो. तात्पर्य, चढण्यातला पहिला तो उतरण्यातला शेवटचा. हा या शास्त्राचा दुसरा नियम.

मांडवा दृष्टिपथात येण्याआधी बरीच मिनिटे हा नियम उमगलेले लोक उठून दाराकडे सरकू लागतात. लाँच अजून भर पाण्यात, खलाशाच्या हातात दोर नाही, तांडेलाने वेग कमी केलेला नाही. तरी पाठीला पिशवी, हातात मूल आणि मुलाच्या हातात फुगा असा जथा उभा. कारण विचारल्यास एकच उत्तर : बस.

येथे बसचे माहात्म्य सांगणे प्राप्त आहे. काही कंपन्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसप्रवास अंतर्भूत असतो. पैसे आधीच दिलेले असूनही सर्वजण तिला ‘फुकटची बस’ म्हणतात, आणि फुकट या शब्दात पळायला लावण्याची ताकद असतेच. त्या बसची खिडकी मिळावी म्हणून जेटीवरून जी चाल चालली जाते, तिला चालणे म्हणता येत नाही व लोकलज्जेस्तव पळणेही म्हणता येत नाही.

आता निर्णायक मुद्दा. बस लाँचची माणसे येईपर्यंत थांबते. पहिल्या आलेल्याला खिडकी मिळते, आणि तिच्यातून मागाहून सावकाश येणारे प्रवासी पाहण्याची संधी मिळते. जेटीवर वडापाव खाऊन, हात धुऊन, समुद्राकडे एकवार बघून आलेला शेवटचा गृहस्थही त्याच क्षणी निघतो. चोंढी, थळ करीत दोघेही अलिबागच्या स्टँडवर एकदमच उतरतात. पहिल्याने जिंकले ते काय? उन्हातली खिडकी. आणि हरवले ते काय? मांडवा जवळ येतानाची मिनिटे, ज्यांत कनकेश्वराचा डोंगर हळूहळू मोठा होतो, झाडे सुटी दिसू लागतात आणि किनाऱ्यावरच्या बंगल्यांची मोठी मोठी फाटके मोजता येतात. या मिनिटांत दाराशी उभ्या असलेल्यास पुढच्याची पाठपिशवी दिसते. संपूर्ण ग्रंथाचे सार येथेच आहे. घाईत असणाऱ्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. त्यांनी इथवर वाचले, हेच नवल.

५. कुरवप्रकरण

मांडव्यापासून काही मैलांवरच्या किहीमला डॉ. सलीम अली यांनी बाया म्हणजे सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले आणि एक नर अनेक घरटी विणून अनेक संसार थाटतो हे दाखवून दिले. तेव्हा या परिसराला पक्षिशास्त्राची थोर परंपरा आहे. ती लाँचवर पुढे चालवण्याचे काम ज्यांच्याकडे आले आहे, त्यांच्या हातात शेवेचे पाकीट असते.

हिवाळ्यात बंदरात कुरव येतात; यांनाच प्रवासी सीगल म्हणतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून येतो. हिवाळ्यात डोक्याचा तपकिरी रंग जाऊन डोळ्यामागे नुसता ठिपका उरतो, त्यामुळे नाव ऐकून डोके शोधणाऱ्याची निराशा होते. हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी लाँचच्या मागे हवेत तरंगत राहतो आणि फेकलेली शेव वरच्या वर टिपतो. प्रवाशांची समजूत अशी की आपण पक्ष्याला खाऊ घालतो. वस्तुतः तळलेले, खारवलेले बेसन हे कुरवाचे अन्न नव्हे. मासा पकडणाऱ्या पक्ष्याला त्याची सवय लावणे हा उपकार नाही.

म्हणून शास्त्राज्ञा : कुरव पाहावा, शेव स्वतः खावी. नुसते पाहणाऱ्याने मागच्या कठड्याशी उभे राहावे. पण छायाचित्र काढणाऱ्यांच्या कोपरांची कक्षा टाळून. डोक्यावर टोपी असावी. कारण सांगण्याची गरज नाही.

६. वर्ज्यकाल

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात आणि साधारण सप्टेंबरच्या तोंडावर पुन्हा सुरू होतात. या नियमावर रुसणाऱ्यांसाठी एवढेच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी, पाऊस नसताना, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकली आणि पुन्हा माणसे गेली. या प्रकरणात वाद, पक्ष, प्रमेय काही नाही. जॅकेट देतील तेव्हा ते घालावे, पट्टे आवळावेत, आणि छायाचित्र बिघडते म्हणून काढू नये.

७. शाखाभेद

भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. तीत मोटारीसकट जाता येते, आणि ती पावसाळ्यातही चालते. सोयीत ती श्रेष्ठ. मात्र वर समुद्र पाहत असताना मनुष्याचे चित्त खाली गाडीपाशी असते. आगरदांडा ते दिघी ही जंगलजेटी : प्रवास इतका थोडका की हॅन्डब्रेक ओढून काच खाली करेपर्यंत पलीकडचा किनारा येतो. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणारी शिडाची होडी ही या सर्वांत शुद्ध क्रूझ. तिथे वारा पडला तर वेळ वाचवण्याचा प्रश्न मुळातच मिटतो. किल्ल्याचे महाद्वार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तोवर प्रत्येक होडीत एक तरी जण ‘आत जायचे कुठून?’ असे विचारतोच, आणि तो प्रश्न बांधणाऱ्यांनी नेमका त्याच्यासाठी योजलेला होता.

८. सामानविचार

परतीच्या लाँचमध्ये सामानाचे दोन वर्ण दिसतात. एक, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. या सर्वांना दिसतील अशा खांद्यावर घ्याव्यात. भौगोलिक मानांकन मिळालेला कांदा पिशवीत लपवणे बरे नव्हे. दोन, सुकट आणि सुके बोंबील. हे कितीही पुड्यांत बांधले तरी लपत नाहीत. गर्भगृहवाद्यांच्या वातानुकूलित दालनात ते नेणे हा सामाजिक गुन्हा समजावा. त्यांची जागा वरच्या डेकवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वारा संध्याकाळी डावीकडून येतो हे वर सिद्ध केलेच आहे. सबब बोंबलाची पिशवीही उजवीकडेच ठेवावी लागते. उजव्या बाजूच्या प्रमेयातली ही एकमेव उणीव होय. ज्यांना बोंबील प्रिय आहेत, त्यांना ती उणीव वाटणार नाही.

९. फलश्रुती

हा ग्रंथ जो वाचील तो उजवीकडे बसेल, शेवटचा उठेल, जॅकेट घालील, कुरवास शेव देणार नाही आणि तरीही इतरांच्याच बसने अलिबागला पोहोचेल. मात्र एक धोका शेवटी नमूद करणे कर्तव्य आहे. सर्वच वाचक उजवीकडे बसले तर लाँच उजवीकडे कलेल, तांडेल ओरडेल आणि खलाशी निम्म्या मंडळींना उठवून डावीकडे बसवील. शास्त्र आणि शास्त्रज्ञ दोघांचीही शोभा होईल. तो प्रसंग टाळण्यासाठी अशी व्यवस्था सुचवतो : ज्यांच्या आडनावाचा शेवट ‘कर’ने होतो त्यांनी उजवीकडे बसावे, जोशी, कुलकर्णी, देशपांडे आदींनी डावीकडे. म्हात्रे, पाटील, ठाकूर वगैरे मंडळींचा प्रश्न उद्भवत नाही. ती तिथलीच असल्याने पहिल्यापासून दाराशी उभी असतात, आणि बसची वाट न पाहता आपापल्या मोटरसायकलवर बसून निघूनही जातात.