आगीस सविनय विनंती अर्ज

प्रति,
श्रीमती आग,
मुक्काम कुठेही, मौजे चिखली ते चाकण.

विषय : पूर्वसूचना देऊन येणेबाबत.
संदर्भ : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६.

महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे सोसायट्यांचे पदाधिकारी, खोल्यांचे मालक आणि दुकानदार. आपल्या येण्याला आमची हरकत नाही, हरकत वेळेला आहे. कायद्याप्रमाणे आम्ही जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा यंत्रणा तपासून घेतो आणि परवानाधारक एजन्सीकडून ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, भरून घेतो. एजन्सीचा माणूस येतो, चहा घेतो, गेटजवळच्या सिलिंडरवर नवं स्टिकर लावतो. या दोन महिन्यांत आलात, तर कागदोपत्री आपलं यथोचित स्वागत होईल. एरवीचं सांगता येत नाही.

दुसरं पाण्याचं. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवड शहराला दिवसाआड पाणी आहे. टँकरचं बिल वाढलं, की अग्निशमनाच्या टाकीतलं पाणी आम्ही धुण्याभांड्याला वळवतो. तेव्हा कृपया पाण्याच्या दिवशी यावे, शक्यतो सकाळी, मोटर चालू असताना.

वाकडच्या एका सोसायटीचं उदाहरण नमुन्यादाखल देतो. आठव्या मजल्यावरच्या रेफ्युज एरियात गणपतीचं मखर, पोरांच्या सायकली आणि चेअरमनसाहेबांचा जुना सोफा नांदतो. (आग लागल्यावर रहिवाशांनी तिथेच जमायचं असतं. जमले, तर सोफ्यावर तिघांची सोय आहे.) होज बॉक्सची काच शाबूत आहे, पितळी नॉझल तेवढं भंगारात गेलं. पाइपाने दर रविवारी पार्किंग धुतलं जातं, त्यामुळे तो वापरात नाही असं कुणी म्हणू नये. वॉचमनच्या केबिनमधलं फायर पॅनल रात्री-अपरात्री बीप बीप करून त्याची झोपमोड करायचं. आता बझरवर चिकटपट्टी आहे. लाल दिवा मात्र अखंड लागलेला असतो, दिवाळीत बरा दिसतो.

म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजेकडच्या खोल्यांची तऱ्हा वेगळी. तिथे जिना एक आणि सगळ्या खोल्यांचे मीटर त्याच जिन्याखाली. भाडेकरू कंपनीच्या तीन शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपतात, त्यामुळे आपण कधीही आलात तरी कुणीतरी झोपेत सापडेलच. खिडक्यांना लोखंडी जाळ्या आहेत. त्या चोरासाठी बसवल्या, आतल्या माणसाचा विचार तेव्हा झाला नाही. छोटा गॅस सिलिंडर मोठ्यातून भरून देणारं दुकान तळमजल्यावरच असतं. भाडेकरूंची तेवढीच पायपीट वाचते.

मागच्या भेटींचा उल्लेख करणं भाग आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे आपण चिखलीच्या पूर्णानगरात आलात. खाली हार्डवेअरचं दुकान, वर पोटमाळ्यावर संसार, बाहेर पडायला शटर. एकाच घरातले चौघे गेले. महापालिकेने दुकानांचं सर्वेक्षण केलं, नोटिसा काढल्या. नोटीस आम्ही त्याच पोटमाळ्यावर नीट जपून ठेवली आहे. पुढे ८ डिसेंबरला तळवड्यात. बायका वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवत होत्या. पहिल्या दिवशी सहा गेल्या, मग इस्पितळात एकेक करत आकडा दहाच्या पुढे गेला. कारखान्याला परवानगी नव्हती, हे यच्चयावत सगळ्यांना त्याच दिवशी कळलं.

आपला जुना पत्ता, कुदळवाडीतली भंगाराची गोदामं, फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलडोझर लावून पाडला गेला. भंगार काही हवेत विरत नाही. नवा पत्ता आपणास यथावकाश समजेलच.

सरकारने आमच्या अनधिकृत बांधकामांचा शास्तीकर २०२३ मध्ये माफ केला. आम्ही पेढे वाटले. माफीने जिना रुंद होत नाही, अशी कुरकूर एका इंजिनिअरने केली. त्याला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून काढण्यात आलं आहे.

आपल्यापाठोपाठ बंब येईल. बोळात दुतर्फा आमच्या गाड्या असतात आणि मालक सेकंड शिफ्टला. तरी बंब वळेपर्यंत आपण कोपऱ्यावर थांबावे.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

आपले,
समस्त सदनिकाधारक, घरमालक व दुकानदार

ता. क. : टेरेसच्या दाराला कुलूप आहे. चावी सेक्रेटरींकडे असते, ते लग्नासाठी गावी गेले आहेत.