समोर तीन, मांगं दोन

कोहमाऱ्याला माणसाची पत गाडीच्या उंचीवर ठरते, असं एका जमातीचं ठाम मत आहे. त्याला कारण महामार्ग. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना 6 नंबर, आताचा 53, इथून जातो आणि गोंदिया-गोरेगावचा रस्ता इथंच त्याला येऊन मिळतो. दिवसभर अजस्र ट्रेलर धडधडत जातात. त्यांच्या बाजूला चहासाठी थांबलेली पिकअप बिचारी खुजी दिसते. रोगाची लागण तिथून होते.

रोगी ओळखायला सोपा. तिशीतला, गाडी हप्त्यांवर, गळ्यात रुमाल, आणि टपरीवर बसला तरी नजर स्वतःच्या गाडीवर. तीही चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या पोकळीवर. ती पोकळी म्हणजे त्याची इस्टेट. धंदा म्हणाल तर तो सगळंच वाहतो: दिवाळीआधी हलकं धान, दिवाळीनंतर मंडईसाठी झाडीपट्टीच्या नाटकाचे पडदे, थंडीत शंकरपटाचे बैल, उन्हाळ्यात लग्नातले सोफे. पण डोक्यात विषय एकच: समोर किती इंच अन् मांगं किती.

कंपनीतून येते तेव्हा रिकामी पिकअप मागून थोडी उंच आणि समोर थोडी लवलेली असते. यामागं हिशेब आहे. हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबतात, मागचा भाग खाली येतो आणि गाडी सपाट होते. म्हणजे कंपनीनं गाडी भरलेली धरून उंची ठरवली. आमचा भाऊ ती रिकामी धरून बघतो, कारण टपरीसमोर ती रिकामीच उभी असते.

"समोर झुकते ना बाप्पा," तो कमानवाल्या मिस्त्रीला सांगतो. "उधारी मांगाले आल्यावानी दिसते."

मिस्त्री म्हातारा, पानाचा तोबरा भरलेला. तो टेप काढतो, चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या काठापर्यंत मापतो आणि विचारतो, "माल टाकून मापू का रिकामी?"

"रिकामीच माप. फोटो रिकामीचाच निंगते."

समोर दोन इंच चढतात. आठवडाभर भाऊ खूश. मग धानाची खेप मिळते, मागचा भाग ठरल्याप्रमाणे खाली बसतो आणि गाडीचं नाक आभाळाकडे जातं. रात्री मुरदोलीच्या जंगलातून येताना दिव्याचा झोत रस्ता सोडून सागाच्या शेंड्यावर पडतो. रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही, झाडावर झोपलेलं वांदर मात्र स्पष्ट दिसतं. समोरून येणारा ट्रकवाला डोळे चोळत आईवरून बोलतो. भाऊ निदान करतो: मांगं कमी पडलं.

मग मागं. इथं मिस्त्री जरा शिकवायचा प्रयत्न करतो. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा टाकला तर उंची वाढते, ताकद नाही. पाटा वाढवला तर ताकद येते, पण रिकाम्या गाडीत बसणाऱ्याचं कंबरडं मोडतं. भाऊ म्हणतो, "दोन्ही टाक." त्याची समजूत अशी, की पाटा वाढला म्हणजे पासिंग वाढली. दीड टनाच्या गाडीत 40 किलोचे 37 कट्टे कायद्यानं बसतात. पाटे वाढवल्यावर भाऊच्या मते 50 बसतात. ॲक्सल, टायर आणि ब्रेक जुनेच आहेत, हे त्यांनी स्वतः येऊन सांगितल्याशिवाय त्याला पटायचं नाही.

ब्रेक तर सांगतातही. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी असते. हौदा दबला की व्हॉल्व्हला कळतं, माल आहे, मागचा ब्रेक जोरात लावा. नुसती गाडी उंच केली आणि दांडी तशीच ठेवली, तर 50 कट्टे भरूनही व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे, आणि ब्रेक बेतानंच लावतो. शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस कुरकुरतो. साठच्या पुढं गेलं की खालून घूंऽऽ आवाज येतो. भाऊनं त्यावर इलाज केलाय. टेपचा आवाज वाढवला.

कायद्याचंही त्याला वावडं नाही. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानं कंपनीनं दिलेली ठेवण परस्पर बदलता येत नाही, आणि 2019च्या दुरुस्तीपासून मालकाला दर बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही, होऊ शकते, असं कुणीतरी टपरीवर वाचून दाखवलं. भाऊनं गंभीरपणे विचारलं, "समोरचा एक अन् मांगचा एक, असे दोन बदल धरते का? का उंचीचा मिळून एकच?"

याच्या भाऊबंदांनी अमेरिकाही सोडलेली नाही. तिकडच्या नॉर्थ कॅरोलिनात पोरं पिकअपचं नाक वर आणि बूड खाली करून हिंडायला लागली, तेव्हा समोरचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच नको, असा कायदा सरकारला 2021मध्ये करावा लागला. मोबाइलवर हे बघून भाऊला धीर आला. "म्हणजे तीन चालते," तो म्हणाला. अशा रीतीनं समोर तीन, मांगं दोन हे माप कोहमाऱ्याला येऊन पोचलं.

ज्यांना या उंचीशी खरा व्यवहार करायचा, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पहिला हमाल. डोक्यावरचा कट्टा हौद्यात टाकायला पूर्वी मानेचा एक झटका पुरायचा. आता टाचा उचलाव्या लागतात. त्यानं वाद घातला नाही. कट्ट्यामागं रुपया वाढवला. दुसरा पटाचा बैल. त्याला हौद्यात चढवायचं म्हणजे गाडी मागं घेऊन बांधीच्या उंच धुऱ्याला लावायची, फाळका पाडायचा. आता फाळका आणि धुरा यांचा मेळ बसेना. शर्यतीच्या दाणीवर धावणारा तो देखणा गडी दोन पावलं पुढं आला, उंची बघितली आणि शेण टाकून मागं फिरला. भाऊ त्याच्या मालकाला म्हणाला, "तुमचा बैल बुटका हाये जी."

गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेसची पासिंग येते. आदल्या दिवशी भाऊ जड मनानं मिस्त्रीकडं जातो, ठोकळे काढतो, जादाचे पाटे उतरवतो आणि कंपनीच्या उंचीवर गोंदियाला निघतो, ओळखीचं कुणी भेटू नये असा चेहरा करून. यंदा पासिंग आटोपून येताना त्यानं गोरेगावहून धान भरलं. हमालानं जुन्याच भावात भरून दिलं. वळणावर गाडी डोलली नाही, ब्रेक जागेवर लागले, दिवे रस्त्यावर पडले, खालून आवाज आला नाही. डिझेलही कमी लागलं.

ठोकळे परत चढवायला तो मिस्त्रीकडं आला तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "कशी चालली?"

"एक नंबर," भाऊ म्हणाला. "पासिंगसाठी ऑइल बदललं ना, त्याचाच फरक हाये. चाल, समोर साडेतीन घे."