दिव्याखालचे तात्या

बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाच्या घरी ट्यूब लुकलुकली, की वायरमनच्या आधी तात्या हजर होतात. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. दुरुस्ती करत नाहीत, निदान करतात. ‘चोक गेलाय’ एवढं सांगायला त्यांना एक चहा लागतो आणि चोक का जातो हे सांगायला दुसरा.

अशा माणसाच्या उशाशी रात्री वाचण्यापुरता दिवा नाही, याला कारण काकू. तात्यांना झोप उशिरा, काकूंना लवकर. ट्यूब लावली की काकू कूस बदलून मोठ्याने उसासा टाकतात. टेबल लॅम्प लावायचा तर उठून बसावं लागतं. आणि तात्यांचं मत असं, की बसून केला तो अभ्यास, आडवं पडून केलं ते वाचन. एकदा नातू पहाटेच्या अंधारात पावागढ चढायला निघाला, तेव्हा त्याच्या कपाळावर पट्ट्याने बांधलेला हेडलॅम्प तात्यांनी पाहिला. “हेच ते!” म्हणाले. हेच म्हणजे नेमकं कोणतं, याचा शोध तेव्हापासून चालू आहे.

तात्यांनी वही केली. दोनशे पानी, आखीव. रकाने पाडले: ल्युमेन, झोताचा कोन, रंग, वजन, सेल, पट्टा आणि शेवटी ‘सौ.’. या शेवटच्या रकान्यात दिव्याचा त्रास शेजारी झोपलेल्या माणसाला किती, याची नोंद. मग रावपुऱ्यातलं दुकान गाठलं. दुकानदाराने कौतुकाने सगळ्यात महागाचा दिवा काढला. “काका, आ हजार ल्युमेन! आखी सोसायटी देखाशे.” तात्या अस्सल बडोदेकर मराठी माणसाच्या अस्खलित गुजरातीत म्हणाले, “भाई, मारे सोसायटी नथी वांचवी.”

मग दुकानदाराचा वर्ग झाला. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण बाहेर पडणारा उजेड. लक्स म्हणजे त्यातला पानावर किती पडला ते. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. पुस्तक कपाळापासून जेमतेम हातभर, तेव्हा वीस-तीस ल्युमेन रग्गड झाले. हजार ल्युमेन गुळगुळीत कागदावर मारले तर तेच उलटून डोळ्यांत येतात. शिवाय लांब पल्ल्याच्या झोतात मधल्या चार ओळी लख्ख आणि समास अंधारात. वाचायला उजेड पसरट हवा. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो आपी दऊं?” तात्या म्हणाले, “विचार करीने कहूं.” तात्यांना दिवा निवडायचा असतो, घ्यायचा असतो असं कुणी सांगितलं?

शेवटी प्रयोगांसाठी नातवाचाच दिवा ताब्यात आला. त्याचा पांढरा उजेड पडताच तात्यांना दवाखान्यात ॲडमिट झाल्यासारखं वाटलं. साडेसहा हजार केल्विन! हा निळसर उजेड झोप उडवतो, हवा तो सत्तावीसशेचा, जुन्या बल्बसारखा पिवळसर. दिव्यात लाल उजेडही होता. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही, म्हणून आकाशनिरीक्षण करणारे तो वापरतात, हे तात्यांना ठाऊक होतं. काकूंनाही त्याचा त्रास होईना. तात्या खूश. पण त्यांना वाचताना लाल पेन्सिलीने खुणा करायची सवय. लाल उजेडात लाल रेघ दिसेचना. पेन्सिल उमटत नाही असं समजून तात्यांनी त्याच ओळीखाली जोर लावून तीन-तीन रेघा ओढल्या. सकाळी पाहतात तर पान शाळामास्तराने तपासलेल्या नापास पेपरासारखं. पुस्तक सुदैवाने स्वतःचं होतं.

पुढचे मुद्दे वहीत वाढत गेले. बॅटरी कपाळावर असली की दिवा घसरून चष्म्यावर येतो. डोक्यामागे असली की तोल राहतो, पण तो चालणाऱ्याचा. उशीवर डोकं टेकलं की डबी टाळूखाली टोचते. वैशाखात पट्टा घामाने भिजतो आणि पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या पाकोळ्या थेट नाकावर उतरतात. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तात्या जिकडे बघतात तिकडे उजेड जातो. “ऐकलंत का, खाली कुलूप लावलंत?” असं काकूंनी विचारलं, की तात्या वळून “हो” म्हणतात आणि झोत काकूंच्या डोळ्यांत. काकूंनी आता रात्री प्रश्न विचारणं सोडलंय. ‘सौ.’च्या रकान्यात तात्यांनी ही गोष्ट दिव्याचा गुण म्हणून नोंदवली आहे.

कुणी या खटाटोपाला हसलं की तात्या सयाजीराव महाराजांना साक्षीला काढतात. महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, गावोगावी वाचनालयं काढली, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत फिरवली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तर पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन केली, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. “बघा,” तात्या म्हणतात, “महाराजांनी आधी उजेडाचा विचार केला.”

“आणि मग लायब्ररी उघडली,” काकू आतून म्हणतात.

सध्याची परिस्थिती अशी: वही भरत आली आहे. त्याच लायब्ररीतून आणलेलं जाडजूड चरित्र मुदती वाढवत वाढवत अकराव्या पानावर आहे. रोज रात्री तात्या कपाळाला दिवा बांधतात, कोन जुळवतात, उजेड एक पायरी कमी करतात, मग एक पायरी वाढवतात आणि त्या उजेडात वही लिहितात.

तुम्हाला असा दिवा घ्यायचा असेल तर तात्यांचा आजवरचा निष्कर्ष फुकट घ्या: पिवळसर आणि पसरट उजेड, तो मंद करण्याची सोय, वजनाला हलका, बॅटरी पुढे आणि मान खाली झुकणारी. असा पहिला दिसेल तो घ्या आणि त्याच रात्री पुस्तक उघडा. अधिक माहितीसाठी तात्यांकडे मात्र जाऊ नका. ते दुसरी वही करतील.