रेकचे दात कसे बसवावेत, आणि कुणाला बसवू देऊ नयेत

ज्या कुटुंबाने पाचट पेटवायचे सोडून रेक विकत घेतला, आणि पहिल्याच हंगामात रेकचे दात मोजायचेही सोडून दिले, त्या कुटुंबासाठी ही मार्गदर्शिका आहे. दातांचे वैद्य दोन प्रकारचे. एक तालुक्याला बसतो, त्याची वेळ घ्यावी लागते. दुसरा गावातल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बसतो, तो वेळ देत नाही, थेट वेल्डिंगचा टाका देतो. या दोघांच्या मधली जागा रिकामी होती, ती मी नाइलाजाने भरून काढतो आहे. माझी पात्रता एवढीच, की दाजींनी आणि मी भागीत घेतलेल्या जुन्या रेकचे एका हंगामात अकरा दात पडले आणि त्यांतले नऊ मी स्वतः बसवलेले होते.

प्रथम रुग्णाची ओळख. ऊस तुटून गेला की शेतात हेक्टरी ८ ते १० टन पाचट पडून राहते. ते ओळीने गोळा करायचे काम रेकचे. मग मागून बेलर येतो आणि गाठी बांधतो. आमचा रेक ट्रॅक्टरच्या पीटीओवर गरगर फिरणाऱ्या जातीचा. मधल्या गोलाला दहा हात, प्रत्येक हाताला दातांच्या तीन जोड्या. जोडी म्हणजे एकच स्प्रिंगची तार. मधोमध वाकवलेली, दोन्ही बाजूंना वेटोळी घातलेली आणि खाली दोन लांब बोटे सोडलेली. मधल्या वाकणावर पट्टी, पट्टीतून एक बोल्ट. बस्स. तीस जोड्या, तीस बोल्ट, दोन भागीदार.

आपल्याकडे या अवजाराला दाताळे हा नेमका शब्द होता. लाकडी दाताळ्याचा दात म्हणजे भोकात ठोकलेली खुंटी. उन्हाने ती सैल झाली की म्हातारी माणसे दाताळे रात्रभर पाण्यात ठेवत. लाकूड फुगे आणि खुंटी आवळली जाई. लोखंडी रेकला हा उपाय लागू पडत नाही, हे इथे मुद्दाम नमूद करावे लागते, ते दाजींमुळे.

आता निदान. दात पडला की घरात पहिली चर्चा होते ती तो कुणामुळे पडला याची. ती उरकून घ्यावी, टाळू नये. टाळली तर जेवताना होते. त्यानंतर पडलेला दात शोधून हातात घ्यावा आणि एकच प्रश्न विचारावा: हा मेला की पळाला? वेटोळ्यापाशी तार तुटली असेल तर दात मेला. तारेचे आयुष्य संपले, त्याला नवा दात हाच उपाय. पण दात अखंड, चकचकीत, वेटोळ्यांसकट शेतात पडलेला सापडला, तर तो पळाला. आमच्या अकरांपैकी आठ पळालेले होते. म्हणजे दुखणे दाताचे नव्हतेच, हिरडीचे होते. तरी आम्ही दुकानातून आठ नवे दात आणले आणि त्याच हिरडीत बसवले. दुकानदार फार प्रेमाने वागला.

दात पळतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. समजा रेकचा गोल मिनिटाला साठ फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात दात पाचटात शिरतो, मागे वाकतो, सुटतो आणि झटका देऊन सरळ होतो. तासाला ३,६०० झटके, आठ तासांच्या दिवसात २८,८००. प्रत्येक झटक्याला दाताचे बूड पट्टीखाली केसभर इकडे, केसभर तिकडे सरकते. १९६९ साली गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअराने दाखवून दिले, की बोल्टला सर्वांत जास्त सैल करते ते हेच आडवे सरकणे. बोल्ट लांबीच्या दिशेने ओढला तर तो बराच काळ तग धरतो. आडवा हलवला की नट आपोआप उलटा फिरू लागतो. आणि त्याच प्रकारच्या चाचणीत, आपण ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकतो तो कापलेला स्प्रिंग वायसर फारसा काही करत नाही. मी हे दाजींना सांगितले. दाजी म्हणाले, ‘‘पाव्हणं, मग त्यो वायसर दुकानात ठेवलाय कशाला?’’ यावर युंकरसाहेबांकडेही उत्तर नसावे.

थोडक्यात, बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. बोल्ट हीच एक ताठ स्प्रिंग आहे. आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने दाताचे बूड हाताला दाबून धरतो. दाब पुरेसा असेल तर सरकणे नाही, सरकणे नसेल तर पळणे नाही. सगळे शास्त्र इथेच संपते. पुढचा सगळा भाग मनुष्यस्वभावाचा आहे.

प्रचलित पद्धती प्रथम सांगतो, कारण वाचक त्या करून पाहणारच आहे. बायंडिंग तारेची पद्धत सर्वांत लोकप्रिय. दात सैल झाला की त्याच्याभोवती तार गुंडाळायची आणि पक्कडीने पीळ द्यायचा. दिसायला काम भक्कम दिसते. दुपारपर्यंत तार तुटते आणि शेतात एकाऐवजी दोन वस्तू हरवतात. सायकलच्या ट्यूबची पद्धत याहून सुसंस्कृत: पट्टीखाली रबराचा तुकडा घालायचा, ‘म्हणजे जरा मऊ बसतंय.’ मऊ बसते हे खरे. रबर दबत जाते, बोल्टचा ताण ओसरतो, आणि दात आधी डुलतो, मग निरोप घेतो. कारखान्यातून रबराच्या बुडावर बसवलेले दातही मिळतात, पण त्यांचे रबर त्याच कामासाठी घडवलेले असते. आपली ट्यूब पंक्चर झालेली असते. पाइप पद्धतीत पान्याच्या दांड्यात चार फुटी पाइप घालून आवळतात. यात बोल्ट ताणला जातो तो कायमचाच, मधे बारीक होतो, आणि नंतर शांतपणे मान टाकतो.

वेल्डिंगबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण आमचे कुटुंब त्यातून गेले आहे.

गावातल्या मिस्त्रींचे तत्त्वज्ञान साधे आहे: जे हलते ते चिकटवावे. दाजींनी रेक शेडसमोर उभा केला. मिस्त्रींनी प्रत्येक बुडाला टाका मारला. पंचवीस मिनिटांत तीस दात ‘पर्मनंट’ झाले. मिस्त्री म्हणाले, ‘‘आता हात तुटंल, पण दात निघायचा न्हाई.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत सहा दात मोडले, सगळे टाक्याच्या काठाशी, काच मोडावी तसे. कारण असे, की स्प्रिंगची तार ही भरपूर कार्बन असलेल्या पोलादाची. ते पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून लवचीक केलेले असते. टाका मारताना तिथला इंचभर भाग लालबुंद होतो आणि भोवतालच्या थंड लोखंडामुळे झपाट्याने निवतो. मग टाक्याच्या अगदी लगत पोलाद काचेसारखे ठिसूळ होते आणि जरा पुढे नरम पडते. वाकणे हाच ज्याचा धर्म, त्याला आपण बरोबर वाकण्याच्या जागी धर्मभ्रष्ट केले. वर जुना दात काढायला ग्राइंडर आणि नवा लावायला पुन्हा मिस्त्री. ज्या दाताला पळता येत नाही तो मरतो, हे मला त्या दिवशी कळले. दाजींना कळले की मिस्त्रींचे बिल दाताच्या किमतीपेक्षा जास्त आहे.

आता आमची सुधारित पद्धत. हिच्यात नवे काही नाही. सगळे आधीपासून ठाऊक असलेलेच, फक्त कुणी करत नव्हते.

दात काढा. हिरडी पाहा. जुन्या रेकवर हाताचे भोक बहुधा अंड्याच्या आकाराचे झालेले असते. या अंड्यात मोठा बोल्ट घालायचा मोह होतो. तो घातला की वर्षभराने मोठे अंडे मिळते. भोक वेल्डिंगने भरून, घासून सपाट करून, नव्याने पाडावे. वेल्डिंग मिस्त्रींना इथे मनसोक्त करू द्यावे, हात साध्या लोखंडाचा असतो, त्याला चालते. त्यांचाही मान राहतो. मग जिथे दाताचे बूड टेकते तिथला रंग खरवडून काढावा. आम्ही रेकला हौसेने ट्रॅक्टरच्या रंगाचे दोन हात दिले होते. रंगाचा थर दाबाखाली हळूहळू चेपतो, थर चेपला की बोल्टचा ताण गेला. दाजींना हा मुद्दा पटला नाही. रंग त्यांनी निवडला होता.

बोल्ट हायटेन घ्यावा, डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेला. त्यातला पहिला आठ सांगतो की हे पोलाद तुटायला ८०० मेगापास्कल ताण लागतो. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते कायमचे ताणले जात नाही. आकडा नसलेला बोल्ट स्वस्त असतो आणि त्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही, जसे बिनओळखीच्या स्थळाबद्दल. नट नायलॉक घ्यावा, आत निळी किंवा पांढरी नायलॉनची कडी असलेला. ती कडी आट्यांना मिठी मारते. एकदा काढलेला नायलॉक पुन्हा वापरू नये, दुसऱ्यांदा मिठी सैल असते. खाली जाड, सपाट वायसर. बोल्टचे शेपूट नटाबाहेर दोन-तीन आट्यांहून जास्त राहिले तर कापावे, नाहीतर त्याला पाचट गुंडाळून दर अर्ध्या तासाला रेकला दाढी फुटते.

बारा मिलीमीटरच्या बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर जोर लागतो. टॉर्क रेंच नसेल तर फूटभर पान्याच्या टोकाला सुमारे सत्तावीस किलो, असा हिशेब धरावा. आमच्याकडे याची तालीम धान्याच्या काट्यावर झाली. पान्याच्या टोकाला काटा अडकवून मी सत्तावीस किलोला ‘थांबा’ म्हणायचे, असे ठरले होते. दाजी चाळीसला थांबले आणि म्हणाले, ‘‘हाताला कळतंय की ओ.’’ हाताला कळत नाही, एवढेच त्या काट्याने सिद्ध केले. पहिला तासभर काम झाल्यावर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत. सांधा बसताना थोडा ताण हरवतो, तो परत द्यावा लागतो.

आणि दात उलटा बसवू नये. पाचटाचा जोर आला की वेटोळे आवळले गेले पाहिजे, उलगडले जाता कामा नये. आवळणारी स्प्रिंग वर्षे काढते, उलगडणारी तोंड वेंगाडून बसते. मी बसवलेल्या नऊपैकी चार उलटे होते. हे वाक्य मी दाजी हा लेख वाचणार नाहीत या भरवशावर लिहीत आहे.

इतके करूनही एखादा दात मरेलच. तो मरावा, पण शेतात पडू नये, यासाठी त्याला दावे बांधावे. हाताच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सगळ्या वेटोळ्यांतून बारीक वायर रोप ओवून टोके क्लॅम्पने घट्ट करायची. दात तुटला तर दोरावर लोंबकळतो, खडखडतो, ड्रायव्हरला ऐकू येतो. या युक्तीमुळे दाजी चार दिवस स्वतःला संशोधक समजत होते. पुढे असे तयार पट्टेही बाजारात मिळतात हे कळले, आणि ते संपले.

दाव्याचा हा आग्रह गायीसाठी आहे. पाचट संपले की हाच रेक गवतात आणि भाताच्या पेंढ्यात जातो. तिथे हरवलेला दात पेंढ्याबरोबर कडबाकुट्टीत गेला तर आधी पाती मोडतात आणि तुकडे उडतात, ते माणसाला लागतात. उरलेल्या चकत्या चाऱ्यातून गव्हाणीत. गाय चारा निवडून, चावून खात नाही. जिभेने ओढते आणि गिळते, रवंथ नंतर. लोखंड जड, ते दुसऱ्या पोटात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीत जाऊन बसते. पोट आकसले की टोक पुढे घुसते, आणि पडद्यापलीकडे लगेच काळीज आहे. म्हणून काही ठिकाणी डॉक्टर गायीला चुंबकच गिळायला देतात. ते त्या जाळीत कायमचे राहते आणि तारा-खिळे धरून ठेवते. लोखंडाची ही भीती जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक तो घेत नव्हते. त्या लोकांना आपण हसतो. त्यांची जागा चुकली होती, शंका नव्हे.

उंचीचे राहिले. दाताची टोके जमिनीपासून बोटभर वर असावीत. खोडव्याच्या रानात खोडक्या असतात, वरंबे असतात. तिथे ‘स्वच्छ निघालं पाहिजे’ म्हणून रेक खाली दाबला की तो रेक राहत नाही, वखर होतो. आमचे निम्मे दात याच स्वच्छतेपायी गेले. एवढे एक केले असते तर वरची सगळी खटपट अर्धी झाली असती, पण मग ही मार्गदर्शिका निघाली नसती.

शेवटी हजेरी. रान सुरू करण्याआधी आणि संपल्यावर दात मोजायचे. मोठ्याने. यंदा पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मोजले, साठ बोटे, तीस जोड्या. पुन्हा मोजले, तितकीच. तरी दाजींचा विश्वास बसेना. त्यांनी फुटक्या डीजे स्पीकरचे चुंबक दोरीला बांधले आणि बॅटरीच्या उजेडात पाचटाच्या ओळींवरून ओढत निघाले. तासाभराने परत आले. चुंबकाला दोन खिळे, कोयत्याचे एक टोक आणि दातांची एक अख्खी जोडी चिकटलेली होती, गंजलेली, गेल्या वर्षीची.

‘‘पाव्हणं,’’ दाजी म्हणाले, ‘‘एकतिसावा आपलाच हाय. कुठं बसवायचा?’’

मी पाना शोधायला आत गेलो. बाहेर आलो तोवर त्यांनी तो बायंडिंग तारेने बांधून टाकला होता.