बाई, प्रमेय तुटलं!

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १७९.९९ अंश भरली, तेव्हा नववीच्या वर्गाला झालेला आनंद सहल ठरल्यावरही होत नाही. पडद्यावर ५९.३३, ६०.३३ आणि पुन्हा ६०.३३ असे कोन होते. मागच्या बाकावरच्या एका विद्वानाने ते संगणकातल्याच कॅल्क्युलेटरवर मिळवले आणि आरोळी ठोकली, “बाई, प्रमेय तुटलं!”

प्रमेय कसलं तुटतंय! जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर दोन दशांश स्थळांपर्यंतच कोन दाखवत होतं. पुढचे तुकडे त्याने गुपचूप पोटात घातले होते. पण हे मी सांगितलं नाही. येत असलेलं उत्तर दाबून धरणं शिक्षकाला शिंक दाबण्याइतकंच जड जातं, तरी दाबलं. कोणी संगणकाला दोष दिला, कोणी माउसला. एका मुलीने त्रिकोणाचा कोपरा जरासा ओढला, बेरीज १८० आली. आणखी ओढला, १८०.०१. बरीच ओढाओढ झाल्यावर ती म्हणाली, “हा आकडे गिळतोय, बाई. मग बरोब्बर १८०च आहे, हे कशावरून?”

या प्रश्नासाठी मी किती खडू झिजवले असतील! गाइडातून पक्ष, साध्य, सिद्धता असं शब्दन् शब्द उतरवताना तो एकालाही पडला नव्हता. पडणार तरी कसा? पुस्तकाने बेरीज वरच जाहीर करून टाकलेली; खालची सिद्धता फक्त गुणांपुरती. त्या दिवशी मात्र शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, तेव्हा मागचा विद्वानसुद्धा मान उंचावून बघत होता. आपलं तुटलेलं प्रमेय कोण सांधतंय, हे त्याला बघायचं होतं.

हे जिओजेब्रा मार्कस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात २००१ साली करायला घेतलं. शाळेला फुकट मिळतं, आणि शाळेला परवडणारी तीच एक किंमत आहे. माझा फळ्यावरचा त्रिकोण नेहमी सज्जन असतो: पायावर नीट बसलेला, जवळजवळ समभुज. पडद्यावरच्या त्रिकोणाला मुलं छळतात. कोपरा ओढत ओढत एक कोन काटकोन झाला की शिरोलंबसंपात सरळ त्या कोपऱ्यावर जाऊन बसतो, आणि कोन विशाल झाला की त्रिकोणाच्या बाहेरच पडतो. “बाई, गेला!” माझ्या फळ्यावरून तो कधीच कुठे गेला नव्हता.

अर्थात निम्मा तास रेषांचे रंग बदलण्यात जातो, हेही खरं. आणि बरोबर उत्तराला फटाके उडवणारी जी ॲप्स पालक हौसेने घेतात, त्यांच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. ती जुनीच पाढ्यांची वही, फक्त दिवाळीतली.

शिवाय लाईट जाते. मग मी कापरेकरांना बोलावते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजाबाकी करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. तिथे गाडी थांबते; कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच येते. लाईट आली तरी वर्ग वजाबाकी सोडत नाही.

बाकी वेळी आमची गणित सोडवण्याची पद्धत ठरलेली. गणितज्ञ जॉर्ज पॉल्यांनी १९४५च्या आपल्या पुस्तकात त्यासाठी चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, उदाहरण समजून घेणं. आमची मुलं ही पायरी उडी मारून ओलांडतात आणि थेट विचारतात, “बाई, गुणायचं की भागायचं?” तीच मुलं आठवडी बाजारात सव्वा किलो कांद्याचा हिशोब तोंडी करतात. संशोधक तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या पाच विक्रेत्या मुलांबद्दल हेच लिहिलं. ठेल्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे कागदावर नुसती गणितं म्हणून दिले तर ३७ टक्के. ३५चा एक, तर दहा नारळांचे किती? बारा वर्षांच्या पोराने तीन-तीनच्या वाट्यांनी १०५, २१०, ३१५ करत ३५० गाठले. शून्य जोडायची शाळेतली युक्ती त्याच्या ठेल्यावर पोचलीच नव्हती.

म्हणून एकदा आकड्यांशिवायचं गणित दिलं: अकरा माणसांना लग्नाला जायचंय, एसटीने की स्पेशल वडापने, म्हणजे अख्खी जीप ठरवून?

“आणि आकडे?”

“तुम्ही आणा.”

पहिला दिवस नुसत्या कुरकुरीचा. दुसऱ्या दिवशी स्टँडवरून तिकिटाचे दर आले आणि पाठोपाठ भांडण. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२पासून फुकट, पोरं अर्ध्यात. म्हणजे अकरा माणसं म्हणजे अकरा तिकिटं नव्हेतच! आजीला पुढची सीट लागते. रात्री परतीची एसटी नाही. एकाने विचारलं, “लग्न मुलाकडचं की मुलीकडचं?” वर्ग हसला, पण त्याचं बरोबर होतं. मुलाकडचं असेल तर वऱ्हाडाची गाडी असतेच, गणितच मिटलं.

मिटू दिलं नाही. मुलीकडचं धरलं. एसटीची रेषा तिरकी, तिकिटागणिक चढणारी. स्पेशलची आडवी, कारण भाडं एकरकमी. दोन्ही जिओजेब्रात काढल्या आणि भाड्याला स्लायडर लावला. दोन चलांतली रेषीय समीकरणं असं मी शेवटी म्हटलं, तेव्हा काहींचा विरसच झाला.

आठवड्याने एकाचे वडील वही घेऊन आले. “बाई, गणितात वडाप? हे परीक्षेला येतं का?”

“नाही,” मी म्हटलं.

ते उभ्याउभ्या पानं उलटत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. “हा स्पेशलचा रेट कुणी दिला?”

“तुमच्याच मुलाने.”

“एवढ्यात कोण येतंय! मी स्वतः वडाप चालवतो. माणसं लग्नाला सोडून गाडी रिकामी परत आणावी लागते. ते डिझेल कुठं धरलंय?”

ते कुणीच धरलं नव्हतं. मी स्लायडर त्यांच्या हातात दिला.