फीड लावण्याची शास्त्रोक्त कृती (नवशिक्यांसाठी)

साहित्य: फीड वाचणारं एक ॲप, आवडीच्या संकेतस्थळांचे पत्ते आणि इनबॉक्समधली तीनेक हजार न उघडलेली पत्रं. हा शेवटचा जिन्नस बहुतेक घरांत तयारच असतो.

कृती: आधी इनबॉक्सचं दर्शन घ्यावं. दोन वर्षांपूर्वी चादर घेताना आपण ईमेलचा पत्ता दिला होता. चादर विटली, पत्रं अजून ताजी आहेत. सणाला येतात, सण नसला तरी येतात. 'यादीतून नाव काढा' ही तळातली अक्षरं भिंग घेऊन शोधावीत. दाबल्यावर कारण विचारतील. खरं कारण लिहू नये, घरात लहान मुलं असतात. शिवाय पत्र आपण उघडलं का हे धाडणाऱ्याला कळावं म्हणून पुष्कळदा त्यात डोळ्यांना न दिसणारं चित्र दडवलेलं असतं, ते वेगळंच.

यावर उतारा म्हणजे फीड. त्यात आपला पत्ता द्यायचा नसतो, समोरच्याचा घ्यायचा असतो. संकेतस्थळ नव्या मजकुराची यादी एका एक्सएमएल फाइलीत लावून ठेवतं, तीच फीड. आपलं ॲप पोऱ्यासारखं अधूनमधून तिथे जाऊन विचारतं, "काही नवीन?" नसेल तर सर्व्हर ३०४ एवढा आकडा सांगून वाटेला लावतो, अर्थ, "मघाचंच आहे, जा." कंटाळा आला की पोऱ्याला त्या दारी धाडणं बंद. कारण नाही, रुसवा नाही. ॲप बदलायचं तर सगळ्या फीड ओपीएमएल फाइलीत बांधून बिऱ्हाड हलवावं.

इथे एखादा जाणकार भेटेलच. "आरएसएस? ते कधीच मेलं!" आरएसएस म्हणजे १९९९ साली नेटस्केपमध्ये जन्मलेला फीडचा जुना प्रकार. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर ही फीड वाचण्याची सेवा बंद झाली, तिचं सुतक हे लोक अजून धरून आहेत. त्यांना बोलू द्यावं. कानातलं पॉडकास्ट थांबवून ते हे सांगत असतात, आणि पॉडकास्टचे नवे भाग बहुतेक ॲपांत आरएसएसवरूनच येतात.

पथ्य: फीडमध्ये बहुधा शेवटचे काहीच लेख असतात. ॲप महिनाभर उघडलं नाही, तर मधले गळू शकतात. पहिल्या उत्साहात ऐंशी फीड लावू नयेत. मी लावल्या होत्या.

वीजबिल मात्र ईमेलवरच येऊ द्यावं. त्या दारी "काही नवीन?" विचारायला पोऱ्या धाडण्याची हौस कुणाला असते?